सहाणेवरचे वेढे आणि परळची मुळी : पश्चिम किनाऱ्यावरील निद्रौषधांचा इतिहास

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी गाडी सुरत स्थानक सोडून तापी ओलांडते, तेव्हा पलीकडच्या तीरावर प्रथम उत्राण आणि मग कोसाड ही दोन लहान स्थानके लागतात. पश्चिम भारतातील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा अगदी पहिला टप्पा, अंकलेश्वर ते उत्राण, फेब्रुवारी १८६० मध्ये सुरू झाला, तो याच कोसाडच्या शिवारातून. गाव त्या काळी शेतीचे होते. पुढे सुरतेची हद्द नदी ओलांडून उत्तरेकडे वाढली, आणि कोसाड यंत्रमागावर, भरतकामाच्या यंत्रांवर व हिऱ्यांच्या घंट्यांवर राबणाऱ्या माणसांची वस्ती झाले. खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे सुरतेच्या अशा सर्व वस्त्यांतून विखुरलेली आहेत. यंत्रमागाची पाळी बहुधा बारा तासांची असते. रात्रपाळी संपवून परतलेला कामगार लख्ख उजेडात, पत्र्याच्या उकाड्यात आणि शेजारच्या गलबल्यात झोप शोधतो. ती सापडली नाही म्हणजे कोणी जायफळ सांगतो, कोणी खसखस, कोणी अश्वगंधाची गोळी. आणि सर्वांच्या बोलण्यात एक आश्वासन समान असते, की वस्तू नैसर्गिक आहे, तिने अपाय व्हायचा नाही.

या आश्वासनाचा इतिहास जुना आहे, आणि योगायोग असा की त्याचे एक महत्त्वाचे पान कोसाडहून फार दूर नाही. तापीच्या अलीकडच्या काठावर कतारगाम भागात डच लोकांचे जुने कबरस्तान आहे. तेथील घुमट, खांब आणि सज्जे असलेली सर्वांत भव्य कबर हेंड्रिक आड्रियान व्हान ऱ्हेडे याची आहे. मलबारचा हा डच अधिकारी पुढे कंपनीचा तपासणी अधिकारी म्हणून फिरत असता डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजातच वारला, आणि त्याचा देह येथे आणून पुरण्यात आला. व्यापारी कंपनीच्या या नोकराने ‘होर्टुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. अॅमस्टरडॅम येथे १६७८ पासून १६९३ पर्यंत तो छापला जात होता. म्हणजे अखेरचा भाग निघाला तेव्हा कर्ता सुरतेच्या मातीत विसावला होता. ग्रंथाला माहिती पुरविणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे केरळीय वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अपुभट हे कोचीनवासी सारस्वत ब्राह्मण होते. या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत व कोकणी भाषेत छापलेले आहे. नागरी मुद्रणाच्या इतिहासकाराला ते परिचित असते. वैद्यकाच्या इतिहासकाराने मात्र त्याच ग्रंथाचा १६८६ मध्ये निघालेला सहावा खंड उघडावा. त्यात ‘चुवन्न अमलपोरी’ या मलयाळम नावाखाली एका लहान झुडपाचे चित्र आहे. ते झुडूप म्हणजे आपली सर्पगंधा. माणसाला शांत करणारी आणि झोप आणणारी जेवढी मुळे या देशात उगवतात, त्यांत जगाच्या वैद्यकावर एवढा खोल ठसा दुसऱ्या कोणत्याही मुळाने उमटविलेला नाही. परंतु त्या हकिकतीकडे वळण्यापूर्वी तिच्या आधीच्या काही गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

आयुर्वेदाने झोपेला किती मान दिला हे सर्वश्रुत आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप का जाते याची कारणे दिली आहेत, आणि ती का येत नाही हे पाहू लागलेल्या आजच्या वाचकालाही ती जुनाट वाटणार नाहीत : कामाचा भार, काळ, एखादा रोग, माणसाची मूळ प्रकृती आणि वाताचा प्रकोप. त्याच ठिकाणी झोप आणण्याचे उपायही सांगितले आहेत. अंगाला तेल लावणे, उटणे, स्नान, मांसरस, दहीभात, दूध, तूप, मद्य, सुगंध, कानाला गोड वाटणारे आवाज, अंग रगडून घेणे, डोक्याला व चेहऱ्याला लेप, सुखाची शय्या, सुखाचे घर, मनाचे स्वास्थ्य आणि योग्य वेळ. ही यादी लक्षपूर्वक वाचली तर एक गोष्ट जाणवते. तिच्यात मुळी नाही, चूर्ण नाही, गोळी नाही. अन्यत्र झोप आणणाऱ्या पदार्थांत श्रेष्ठ कोणता हे सांगताना चरकाने नाव घेतले ते म्हशीच्या दुधाचे. महाराष्ट्रात व गुजरातेत काशाच्या वाटीने तळपाय घासून घेण्याचा जो घरगुती प्रघात आहे, तोही औषधापेक्षा या यादीच्या जवळचा आहे.

अफू आणि भांग ही द्रव्ये आपल्या वैद्यकात स्थिरावली ती पुढे. शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, पचनाची वाट न पाहता सर्व शरीरात पसरणाऱ्या द्रव्यांची उदाहरणे म्हणून भांग व अफू यांची नावे येतात. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने या दोन्ही वस्तूंविषयी प्रत्यक्ष चौकशी करून लिहिले. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट काही काळ पट्ट्याने याच गृहस्थाकडे होते. खंबायतच्या बाजारातील अफू मुख्यतः माळव्यातून येते, हे त्याने टिपले आहे. भांगेविषयी तो सांगतो की पूर्वीचे मोठे सेनानी ती मद्याबरोबर किंवा अफूबरोबर घेत, कारण सततच्या जागरणाचा त्यांना जाच होई आणि चिंता विसरून झोपता यावे एवढीच त्यांची इच्छा असे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मार्तिम अफोंसु द सोझाला सांगितलेली एक गोष्टही त्याने दिली आहे : रात्री पोर्तुगालला, तुर्कस्तानला किंवा अरबस्तानात जावेसे वाटले की थोडी भांग घेतली म्हणजे काम भागते. सुलतानाचा विनोद बाजूला ठेवला तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. झोपेसाठी काही तरी घेण्याची गरज ज्यांच्या मागे जागरण लागले त्यांनाच भासत होती, मग ते सेनापती असोत वा सुलतान. पुढे तीच गरज गिरणीकामगाराच्या वाट्याला आली.

घराघरांत मात्र या उग्र द्रव्यांपेक्षा जायफळाचे राज्य होते. जायफळ आपल्या संस्कृतीत इतके मुरले आहे की ते परदेशातून येत असे याचा विसर पडतो. त्याचे मूळ घर इंडोनेशियातील बांदा बेटे. सुरतेत १६१६-१७ च्या सुमारास डचांनी वखार घातली, आणि १६२१ मध्ये त्यांचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून याने बांदा जिंकून घेताना तेथील बहुतेक रहिवाशांना ठार केले, गुलाम केले किंवा परागंदा केले. त्यानंतर दीडशे वर्षे जायफळ आणि जायपत्री यांचा मक्ता डच कंपनीच्या हाती राहिला, आणि सुरत ही तिच्या विक्रीची हिंदुस्थानातील एक प्रमुख पेठ होती. गुजरात व महाराष्ट्रातील आया ज्या फळाचा सहाणेवर हलकासा वेढा घेत, त्यामागे एका बेटाचा असा संहार होता. पुढे मक्ता मोडला, रोपे अन्यत्र गेली. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ यांसारख्या जाती काढल्या असून नारळाच्या बागांतून जायफळ आंतरपीक म्हणून उभे आहे.

सहाणेवरच्या वेढ्याचा उल्लेख सहज आला, परंतु त्याला महत्त्व आहे. मराठी घरातील बाळगुटीत हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, जेष्ठमध, खारीक, बदाम असे जिन्नस असतात. ते कुटून, चूर्ण करून दिले जात नाहीत. दुधात किंवा पाण्यात सहाणेवर उगाळले जातात आणि प्रत्येकाचे माप वेढ्यांत मोजले जाते. बदामाचे वेढे अधिक, हिरड्याचे बाळाच्या पोटाकडे पाहून, जायफळाचा मात्र एखादाच. घरातील वडीलधारी बाई हे माप सांगे. जायफळाचा वेढा वाढला की बाळ सुस्तावते, हे तिला कोणत्याही प्रयोगशाळेने सांगितलेले नव्हते. युरोपीय वैद्यकाने तेच निराळ्या वाटेने जाणले. बारा-एक जायफळे खाऊन भ्रमिष्ट झालेल्या एका गर्भवती इंग्रज स्त्रीची हकिकत लोबेलियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५७६ मध्ये नोंदविली. आणि पुर्किन्ये या बोहेमियन शरीरशास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तीन जायफळे स्वतः खाऊन झापड, भास व कालभानाचा लोप यांचा अनुभव लिहून ठेवला. चिमूटभर जायफळ आणि पाच ग्रॅम जायफळ हे एकाच फळाचे दोन निराळे पदार्थ आहेत, असेच म्हणावे लागते. (श्रीखंडानंतर येणाऱ्या झोपेचे श्रेय जायफळाला द्यावे की चक्क्याला, हा वाद मात्र भोजनभाऊंनीच मिटवावा.) गुटीतील वेखंडाविषयीही सावधगिरीची नोंद केली पाहिजे : त्यातील असारोन या द्रव्याच्या परिणामांमुळे अमेरिकेत १९६८ पासून ते अन्नपदार्थांत वापरण्यास बंदी आहे.

हे वेढ्याचे शहाणपण घराच्या उंबऱ्याआत टिकले. ते तुटले गिरणीच्या भोंग्याने.

मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा, पुणे जिल्ह्यांतून आलेल्या स्त्रिया सूत उकलण्याच्या आणि गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. तान्हे मूल घरी ठेवून दहा तास बाहेर राहणाऱ्या आईपुढे ते रडू नये, उठू नये, एवढाच प्रश्न असे. रात्री स्वतःला चार तास डोळा लागावा हा दुसरा. या दोन्हींवर बाजारात एक उत्तर तयार होते : बाळगोळी. अफूत काही सुगंधी द्रव्ये मिसळून केलेली मोहरीएवढी गोळी. बाळगुटी आणि बाळगोळी या नावांत अंतर दोन अक्षरांचे. पण एकीत आजीचा डोळा बाळाच्या चेहऱ्यावर असे, दुसरीत गोळी देणारी बाई दाराला कडी घालून निघून जाई. गुजरातेतही हीच गोळी ‘बाळागोळी’ म्हणून ओळखली जात होती.

मुंबई सरकारने स्त्रीकामगारांच्या बाळंतपणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. एफ. डी. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९२२ च्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद आहे. आकडा वाचून थांबावे लागते. मराठीत ‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग आज उपहासासाठी वापरला जातो. लालबाग-परळच्या चाळींत तो एके काळी अलंकार नव्हता, रोजच्या खर्चातली एक बाब होती. आणि त्या मातांना अडाणी म्हणून दोष देणे सोपे असले तरी ते न्यायाचे नाही. त्यांना मुलाच्या झोपेची हौस नव्हती. त्यांच्याजवळ मुलासाठी वेळ विकत घेण्याचे दुसरे साधन नव्हते.

म्हणूनच या प्रकरणी जो इलाज पुढे लागू पडला तो औषधाचा नव्हता. प्रसूतिरजेचे विधेयक मुंबई कायदेमंडळात आले, तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. पुढील वर्षी झालेल्या १९२९ च्या मुंबई प्रसूति-लाभ कायद्याने कामगार स्त्रीला बाळंतपणाच्या आधीची व नंतरची मिळून सात आठवड्यांपर्यंत दररोज आठ आणे मिळू लागले. देशातील हा असा पहिला कायदा. पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, हे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले. अफूच्या बाजूने पाहता, १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाव्यतिरिक्तचा अफूचा वापर दहा वर्षांत, ३१ मार्च १९५९ पर्यंत, बंद करण्याचे ठरविले, आणि बाळगोळीची दुकाने मिटली. आठ आणे रोज, एक पाळणा आणि अफूचा बंद झालेला परवाना यांनी मुंबईच्या मुलांची झोप पुन्हा नैसर्गिक केली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच गिरणगावात, याच माणसांच्या गाठोड्यात, एक दुसरी मुळीही होती. आणि तिचे कोणालाच भय वाटत नव्हते. विल्यम डिमक यांनी वॉर्डन व हूपर या सहकाऱ्यांसह १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात एक नोंद आहे. दक्षिण कोकणातून मुंबईत येणारे बहुतेक मजूर सर्पगंधेच्या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगतात, कारण पोटातील कळांवर ते गुणकारी आहे असा त्यांचा अनुभव आहे. कुडा आणि मोगली एरंड यांच्या मुळ्यांबरोबर ते दुधातून देण्याची कोकणातील रीतही त्यात दिली आहे. कोकणात या झुडपाला हरकी किंवा अडकई म्हणतात. व्हान ऱ्हेडेच्या सहाव्या खंडातील ‘चुवन्न अमलपोरी’ ती हीच. मजुरांना तिचा उपयोग पोटदुखीपुरता ठाऊक होता. बिहारात मात्र ती वेडावरचे औषध म्हणून विकली जात असे.

१९३१ हे या मुळीच्या आयुष्यातील मोठे वर्ष. दिल्लीला हकीम अजमलखान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला, चार वर्षांपूर्वी वारलेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ, ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केले की मुळाचे वीस ते तीस ग्रेन चूर्ण, म्हणजे सुमारे दीड-दोन ग्रॅम, दिवसातून दोन वेळा दिले असता रोग्याला झोप येते, रक्तदाब उतरतो आणि उन्मादाचे झटके ओसरतात. राम नाथ चोप्रा यांनीही कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेत तिच्यावर काम केले. परंतु हे सारे हिंदुस्थानी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले होते, आणि पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे जवळजवळ वीस वर्षे पाहिले नाही.

ते पाहायला लावले परळच्या एका डॉक्टरांनी. के. ई. एम. रुग्णालय परळला १९२६ मध्ये सुरू झाले, अगदी गिरण्यांच्या धुराड्यांमध्ये. तेथील हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. डिमकने ज्या मजुरांच्या गाठोड्यात ही मुळी पाहिली होती, त्यांचीच नातवंडे त्या रुग्णालयाच्या दाराशी औषधासाठी येत होती. वकिलांच्या निबंधानंतर चक्रे वेगाने फिरली. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी वापरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या म्यूलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी तिच्यातील रेसर्पिन हे मुख्य द्रव्य वेगळे केले. १९५३ च्या बडोद्यातील वैद्यकीय परिषदेत अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक विकारांवरील देशी औषधांचा निबंध वाचला. आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉकलँड येथे नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांना रेसर्पिन दिल्याचे निष्कर्ष मांडले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले रोगी शांत बसू लागले, झोपू लागले. पूर्वी अशांना अनेकदा गुंगीत ठेवले जाई. वकील आणि क्लाइन हे १९५७ च्या लास्कर पारितोषिकाचे मानकरी ठरले. पुढच्या वर्षी वकिलांना पद्मभूषण मिळाले.

हा गौरवाचा भाग झाला. तो येथेच संपविला तर इतिहास अर्धा राहील. रेसर्पिन मिलिग्रॅमच्या अंशांत मोजले जाते, आणि मात्रा वाढली तेव्हा ते आपले दुसरे रूप दाखवू लागले. काही रोग्यांना केवळ शांतपणा न येता खोल विषण्णता आली. आत्महत्यांच्या घटना नोंदल्या गेल्या. हातापायांना कंपवातासारखा ताठरपणा येऊ लागला. ही विपत्तीच पुढे ज्ञानाला कारण झाली. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो हे ब्रॉडी व शोअर यांनी १९५५ मध्ये दाखविले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना १९५७ मध्ये एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराचा पाया तेथे घातला गेला, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषण्णतेचे रसायन, कंपवाताचे रसायन आणि झोपेचे रसायन यांचे धागे एकमेकांत किती गुंतले आहेत, हे कोकणी मजुराच्या गाठोड्यातील मुळीने जगाला शिकविले. तिला निरुपद्रवी म्हणणे म्हणजे तिचा अपमान आहे.

झुडपाचे मात्र भले झाले नाही. औषध मुळात असल्याने प्रत्येक पुडीसाठी एक झुडूप उपटावे लागते. परदेशी मागणीने जंगले ओरबाडली गेली. १९६९ मध्ये सरकारने मुळांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि १९९० मध्ये सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेली. जटामांसीची गत त्याच वाटेने होऊन १९९७ मध्ये तीही त्या यादीत आली.

आता सर्पगंधेची जागा बाजारात अश्वगंधेने घेतली आहे. हिची कीर्ती नवी नाही. शंकर दाजीशास्त्री पदे या मराठी वैद्यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांमुळे देशी औषधींची ओळख गुजरातच्या घराघरांत पोचली. १९०७ मध्ये नाशिकला अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाची सुरुवात करणारे ते हेच पदे. त्यांचे नाव महाराष्ट्रात विस्मरणात गेले आणि गुजरातेत त्यांचा ग्रंथ अद्याप कपाटात आहे, ही खेदाची बाब नमूद केली पाहिजे. लिनियसने अश्वगंधेला १७५३ मध्ये जे लॅटिन नाव दिले त्यातील ‘सोम्निफेरा’ या पदाचा अर्थच निद्रा आणणारी. तिचा मोठा बाजार मध्य प्रदेशातील नीमच येथे भरतो. सरकारी अफूचा कारखानाही त्याच नीमचला आहे. झोपेच्या दोन द्रव्यांचे भाग्य एका गावात असे विभागले गेले : एक कुलपात, दुसरे उघड्या पोत्यांत.

अश्वगंधेच्या गुणाला काही पुरावा आहे. निद्रानाश असलेल्या साठ व्यक्तींवरील एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुळाच्या अर्काच्या ३०० मिलिग्रॅमच्या दोन मात्रा दररोज दहा आठवडे दिल्यावर झोप लवकर लागू लागल्याचे आढळले. साठ ही संख्या लहान आहे आणि दहा आठवडे हा काळही थोडा. दुसऱ्या बाजूला यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अनेक देशांत नोंदली गेली, २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना मुळाऐवजी पाने न वापरण्याची सूचना केली, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. गर्भवतींनी, थायरॉइडचे किंवा झोपेचे औषध आधीच चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे डबीवर बारीक अक्षरांत असते. वेढा सांगणारी आजी मात्र तेथे नसते. बाटलीबंद गोळीने द्रव्य अधिक नेमके केले, पण माप ठरविणारा डोळा घरातून काढून नेला. बाळगोळीच्या वेळी जे घडले, त्याची ही सौम्य आवृत्ती होय.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात प्रथम उपाय म्हणून गोळी नाही. झोपेची वेळ, अंथरूण आणि मनाच्या सवयी बदलणारी उपचारपद्धती आहे. चरकाची यादी आणि ही शिफारस एक नव्हेत, त्यांच्यामागील विचारही निराळे आहेत. तरी दोन्हींत द्रव्याला दुय्यम स्थान आहे, हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. सुखाची शय्या, सुखाचे घर आणि योग्य वेळ या तीन गोष्टी मात्र वैद्याच्या बटव्यात मिळत नाहीत.

वाग्भटाने अष्टांगहृदयात रात्रीच्या जागरणावर एक हिशेब सांगितला आहे. सवय नसताना जागावे लागले तर जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ दुसऱ्या सकाळी, काही न खाता, झोपून घ्यावे. बारा तासांच्या पाळीतील जागरणाला हा नियम लावला तर सहा तास होतात. वाग्भटाने तो अधूनमधूनच्या जागरणासाठी सांगितला होता; कोसाडच्या रात्रपाळीवाल्याचे जागरण महिन्याच्या महिने चालते, सकाळचे पहिले तास रांगेत, पाण्यात आणि मुलांच्या शाळेत जातात, आणि दुपारच्या उन्हात खोली तापली की उरलेलेही जातात. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो पुन्हा मागाकडे निघतो.